मिठाच्या खोलीत बसायला जाताय?

कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एमआयडीसीत एका फौंड्रीत 31 वर्षं काढली, त्यातली पहिली बारा फेटलिंगला, म्हणजे ओतीव माल घासून साफ करायला. वाळूची धूळ नाकातोंडात जायचीच. तोंडाला टॉवेल गुंडाळला की झालं संरक्षण. आता वय 64. रंकाळा तलावावर फिरायला गेलो की दोन बाकांवर बसल्याशिवाय परत येत नाही. डॉक्टर त्याला सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार, म्हणतात, भावकीत सगळे दमाच म्हणतात. गेल्या वर्षी थोरल्यानं मोबाईलवर मिठाच्या खोलीचा, म्हणजे हवेत बारीक मीठ सोडलेल्या खोलीत बसून श्वास घ्यायचा, व्हिडिओ दाखवला आणि मला हसूच आलं. जन्मभर धुळीतनं सुटायला बघितलं, आता पैसे भरून धुळीत बसायचं! तरीपण दहा वेळा जाऊन आलो. तुम्हाला जायचं असेल तर कसं जावं, ते सांगतो.

आधी वाळू आणि मिठातला फरक लक्षात घ्या. आमची वाळू म्हणजे सिलिका. ती पाण्यात विरघळत नाही. बारीक कण एकदा फुप्फुसात खोल गेला की तिथंच बसतो आणि भोवती व्रण धरतो. मीठ ओल्या श्वासनळीवर पडलं की विरघळून जातं आणि आजूबाजूचं पाणी ओढून घेतं. लोणच्याच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं ना, तसंच. त्यानं चिकट बेडका पातळ होतो आणि खोकून टाकायला सोपा जातो. फायदा धरायचा तो एवढाच. जुना व्रण मिठानं पुसत नाही.

ही कल्पना पोलंडमधली. व्येलिच्का नावाच्या मिठाच्या खाणीवरचे डॉक्टर फेलिक्स बोचकोव्स्की यांनी 1840 च्या दशकात तिथल्या खारट हवेचा आणि पाण्याचा रोग्यांसाठी उपयोग सांगितला. पुढं खाणीत न उतरता खोलीतच तशी हवा तयार करायची यंत्रं निघाली. सीओपीडीत याचा खात्रीचा फायदा होतो असं म्हणण्याइतका पुरावा मात्र अजून नाही. माझ्या छातीच्या डॉक्टरांनीही तसंच स्पष्ट सांगितलं. म्हणाले, "जाऊन बघा, पण पंप बंद केलात तर माझ्याकडं येऊ नका."

तेव्हा पहिली पायरी डॉक्टरांचीच. माझा एक्स-रे काढला, बेडका तपासायला दिला आणि फुंकायची टेस्ट केली. बेडका कशाला, म्हणून मी कुरकुर केली. सिलिकात काम केलेल्या माणसाला टीबीचा धोका जास्त असतो, आणि टीबी असताना चार माणसांच्या बंद खोलीत बसणं म्हणजे दुसऱ्याला प्रसाद वाटणं. ताप असेल, बेडक्यात रक्त दिसत असेल, नुकतीच धाप वाढून दवाखान्यात राहून आला असाल, दमा ताब्यात नसेल किंवा हृदय आणि बीपीचं नीट नसेल, तर जायचंच नाही.

खोली निवडताना भिंतीच्या गुलाबी विटांवर भाळू नका. ते हिमालयन म्हणून विकतात ते बहुतेक पाकिस्तानातल्या खेवड्याच्या खाणीतलं, म्हणजे आपलं सैंधवच. विटा दिसायला छान, पण वीट काही आपणहून हवेत उडत नाही. विचारायचं ते असं: मीठ दळून हवेत सोडणारं यंत्र आहे का? त्याला हॅलोजनरेटर म्हणतात. ते कोरडं मीठ काही मायक्रॉनपर्यंत बारीक करतं, तेव्हा कुठं ते श्वासनळ्यांत पोचतं. जाड कण नाकातच अडकतो. मी पहिल्यांदा गेलो तिथं यंत्र नव्हतं, नुसते दिवे आणि बासरीची टेप होती. खोलीत उदबत्ती! दाराशीच खोकला सुरू झाला, मागं फिरलो.

दुसरीकडं यंत्र होतं. बैठक 45 मिनिटांची, 700 रुपये. वीस बैठकांचं पॅकेज घ्या म्हणून काउंटरवरचा पोरगा मागंच लागला. घेऊ नका. एकेक बैठकीचे पैसे द्या.

डॉक्टरांना विचारून श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या निळ्या पंपाचे दोन पफ स्पेसरमधनं (पंपाला जोडायच्या नळकांड्यातनं) बैठकीच्या पंधरा मिनिटं आधी घेतले. पाणी ओढणारं मीठ नाजूक श्वासनळीला चिडवतंही, आणि चिडलेली नळी आवळते. पंप खिशात ठेवायचा, बाहेर चपलांच्या कपाटात नाही. पहिल्या दिवशी दहा मिनिटंच बसा आणि दाराजवळची खुर्ची पकडा. मी शहाणपणानं पूर्ण वेळ बसायला गेलो. विसाव्या मिनिटाला छातीत शिट्टी वाजायला लागली, उठायला लाज वाटली, आणि शेवटी काउंटरवरच्या पोरानं मला दोन पफ देऊन बाहेर काढलं. घरी गेल्यावर मंडळींनी जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही. छाती आवळली, बोलताना वाक्य तुटायला लागलं तर लगेच बाहेर यायचं. पंपानं कमी झालं नाही तर दवाखाना गाठायचा.

आता मुख्य काम वहीचं. दोन आठवडे आधीपासून रोज सकाळी, पंप घ्यायच्या आधी, पीक फ्लो मीटर (श्वास किती जोरात सुटतो ते मोजणारी नळी) उभं राहून तीनदा फुंकायचं आणि सगळ्यात मोठा आकडा लिहायचा. सोबत बेडका किती, रात्री किती वेळा उठलो, आणि पंप किती वेळा लागला. बैठका एकाच मोसमात घ्या. दिवाळीनंतर आमच्या बाजूला गुऱ्हाळं पेटतात, पाचट जाळतात, तेव्हा छाती बिघडतेच. आषाढातल्या ओलीत आणखी वेगळी. मध्येच ऋतू बदलला तर मिठानं काय केलं आणि हवेनं काय, ते कळत नाही. मी फेब्रुवारी धरला.

घरी प्रयोग नकोत. मंडळी वाफेच्या पातेल्यात मूठभर मीठ टाकायची. मी झाकणावरचं पाणी चाटायला लावलं: आळणी! वाफ मीठ वर नेत नाही, ते पातेल्यातच राहतं. नेब्युलायझरमध्ये स्वयंपाकघरातलं मीठ कालवून घालणं तर धोक्याचंच. तिथं डॉक्टरांनी लिहून दिलेलं निर्जंतुक सलाईनच लागतं.

माझ्या वहीत फुंकण्याच्या आकड्याची पहिल्या दोन आठवड्यांची सरासरी 240 होती, दहा बैठकांनंतर 240च. बेडका मात्र सकाळी लवकर सुटायचा, आणि रात्री तीनदाच्या ऐवजी एकदाच उठायचो. बैठका थांबवल्यावर पंधरा दिवसांत ते परत जैसे थे. वही डॉक्टरांपुढं ठेवली. त्यांनी बेडका पातळ करण्यासाठी नेब्युलायझरमधनं घ्यायचं सलाईन लिहून दिलं, पहिला डोस त्यांच्यासमोरच, आणि ओठांचा चंबू करून श्वास सोडत चालायला लावलं. मिठाच्या खोलीवाल्या पोराचा दोनदा फोन आला, ऑफर सांगत होता. त्याला म्हटलं, पावसाळ्यात बेडका फार चिकटला तर बघू, तेही एकाच बैठकीचे पैसे देऊन.