जुने व्हॉडव्हिलवाले टीव्हीवर बघायचेत? मग सुरुवात मिल्टन बर्लपासून करू नका

बहुतेक लोक करतात तेच मीही केलं. कुठेतरी वाचलं की अमेरिकन टीव्हीचा पहिला मोठा स्टार मिल्टन बर्ल, त्याला मिस्टर टेलिव्हिजनच म्हणायचे, म्हणून जेवण झाल्यावर त्याच्या 'टेक्साको स्टार थिएटर'चा (टेक्साको ही स्पॉन्सर पेट्रोल कंपनी) एक एपिसोड लावला आणि दहा मिनिटांत बंद केला. बाईचा वेष केलेला एक माणूस दात विचकतोय, ओरडतोय, कुणीतरी येऊन त्याच्या तोंडावर पावडरचा पफ फाडकन मारतंय आणि पब्लिक लोटपोट. मला हसू सोडा, डोकं दुखायला लागलं. बर्लचं काही चुकलं नव्हतं, माझाच क्रम चुकला होता. नंतर दोन वर्षं हे शो बघत बघत जो क्रम मला जमला तो इथे देतोय.

आधी थोडं बॅकग्राउंड, कारण त्याशिवाय काय बघायचं तेच कळत नाही. व्हॉडव्हिल म्हणजे साधारण 1880 ते 1930 च्या काळात अमेरिकेत गावोगावच्या थिएटरांतून चालणारा मिक्स कार्यक्रम, एका तिकिटात कसरतवाले, गायक, जादूगार, कुत्र्यांचे खेळ, कॉमेडियन सगळं. या यादीला 'बिल' म्हणायचे. पहिला आयटम बहुतेक वेळा बिनबोलीचा, कसरतीचा वगैरे, कारण लोक अजून खुर्च्या शोधत असायचे आणि संवाद कुणाला ऐकूच आले नसते. मुख्य स्टार शेवटून दुसरा. शेवटचा आयटम चालू असताना लोक कोट घालून निघालेले असायचे, बिचारा.

आता महत्त्वाचं. कॉमेडियनकडे जेमतेम पंधरा मिनिटांचा माल असायचा आणि तो तोच माल वर्षानुवर्षं गाव बदलून वापरायचा, कुठे हशा आला नाही तर एक शब्द बदलायचा, पुढच्या गावात परत ट्राय करायचा. म्हणजे अख्खं करिअर एका पंधरा मिनिटांवर. टीव्हीने हे गणितच मोडलं, कारण एका रात्रीत देशातले सगळे टीव्हीवाले तो माल बघून मोकळे, पुढच्या आठवड्यात नवीन काय आणायचं? हे शो बघताना हाच प्रश्न डोक्यात ठेवा, हा जोक वीस वर्षं घासलेला आहे की या आठवड्यात घाईत बनवलाय. सवय झाली की फरक कळतो, घासलेल्या जोकमध्ये एकही शब्द फालतू नसतो.

तर पहिले बघा बर्न्स आणि ॲलन. जॉर्ज बर्न्स आणि त्याची बायको ग्रेसी, दोघं व्हॉडव्हिलमधूनच वर आलेले. सुरुवातीला जोक जॉर्जकडे होते आणि ग्रेसी नुसते प्रश्न विचारायची, पण लोक तिच्या साध्या प्रश्नांनाच हसायला लागले, मग जॉर्जने शहाणपणा करून सगळे जोक तिला दिले आणि स्वतः सिगार धरून उभा राहिला. त्यांचा टीव्ही शो ऑक्टोबर 1950 ला सुरू झाला, आधी लाइव्ह, 1952 पासून फिल्मवर, त्यामुळे नंतरचे एपिसोड दिसायलाही स्वच्छ आहेत. एक एपिसोड दोनदा बघा. पहिल्यांदा ग्रेसीकडे. दुसऱ्यांदा फक्त जॉर्जकडे, तो कधी गप्प बसतो, कधी कॅमेऱ्याकडे वळून आपल्याशीच बोलायला लागतो. हा झाला स्ट्रेट मॅन, म्हणजे स्वतः गंभीर राहून समोरच्याला जोक करू देणारा, आणि या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम माझ्या मते हेच.

मग जॅक बेनी. व्हॉडव्हिलमध्ये हातात व्हायोलिन घेऊन उभा राहायचा, 1932 पासून रेडिओवर, 1950 पासून टीव्हीवर. इथे एक कडक नियम, स्पीड वाढवू नका! मी दीडपट स्पीडवर बघितलं आणि म्हटलं हा माणूस काही करतच नाही. अहो तो काही करत नाही हाच तर आयटम आहे. त्याचा फेमस जोक रेडिओवरचा, 1948 चा: चोर म्हणतो पैसे दे नाहीतर जीव दे, आणि कंजूस बेनी गप्प. बराच वेळ गप्प. चोर वैतागतो तेव्हा म्हणतो, विचार करतोय ना! ती शांतता दीडपट केली की जोक मेला.

ॲबट आणि कॉस्टेलो 'कोलगेट कॉमेडी अवर'मध्ये सापडतील, हा शो 1950 ते 1955 चालला आणि होस्ट बदलत राहायचे. ही जोडी खरं तर बर्लेस्कमधली, म्हणजे व्हॉडव्हिलचा जरा चावट चुलतभाऊ. त्यांचा बेसबॉलवाला आयटम लावण्याआधी एवढंच समजून घ्या की फर्स्ट, सेकंड, थर्ड बेस या मैदानातल्या जागा आहेत आणि तिथल्या खेळाडूंची नावंच कोण, काय आणि माहीत नाही अशी आहेत. बस, क्रिकेटवाल्यांना पुढे काही अडत नाही.

इंग्रजी ॲक्सेंट जड जात असेल तर मध्येच सिड सीझरकडे उडी मारा, 'युअर शो ऑफ शोज', 1950 ते 1954. तो स्वतः व्हॉडव्हिलचा नाही, हॉटेलांमधल्या कार्यक्रमांतून आलेला, पण त्याची पार्टनर इमोजीन कोका लहानपणी व्हॉडव्हिलच्या स्टेजवर होती. दर शनिवारी दीड तास लाइव्ह! सीझर खोटं जर्मन, खोटं फ्रेंच बोलतो, अर्थ शून्य, तरी सगळं कळतं. मोठ्या घड्याळावरच्या यांत्रिक बाहुल्या बिघडतात तो आयटम नक्की शोधा, त्यात तर बोलणंच नाही. आमच्या घरी आईने हा एकच पूर्ण बघितला.

चित्र खराब दिसलं तर फाइलला शिव्या देऊ नका. तेव्हा व्हिडिओटेप नव्हती, टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्म कॅमेरा लावून शूट करायचे, त्याला किनेस्कोप म्हणतात. अमेरिकेचा पूर्व-पश्चिम किनारा टीव्हीवर लाइव्ह जोडला गेला तोच सप्टेंबर 1951 मध्ये, तोवर दुसऱ्या टोकाला हीच धुरकट कॉपी जायची. हेडफोन लावा, आवाज चित्रापेक्षा बरा असतो. आणि जाहिराती स्किप करू नका, स्पॉन्सर शोच्या नावातच असायचा आणि कधीकधी जाहिरातच जास्त मजेशीर निघते. एक मात्र सांगून ठेवतो, तोंड काळं रंगवून केलेली कृष्णवर्णीयांची नक्कल, परदेशी लोकांच्या बोलण्याची टिंगल हेही व्हॉडव्हिलमधून आलेलं आहे आणि मध्येच समोर येतं. मी तिथे पुढे ढकलतो. मुलांसोबत बघणार असाल तर आधी एकटे बघून घ्या.

आता लावा बर्ल. 8 जून 1948 ला एनबीसी चॅनेलवर तो या शोमध्ये पहिल्यांदा आला आणि बाराच दिवसांनी समोरच्या सीबीएस चॅनेलवर एड सलिव्हन, जो स्वतः पेपरात कॉलम लिहिणारा, धड हसायचा नाही, फक्त पाहुण्यांची ओळख करून द्यायचा आणि तरी 1971 पर्यंत टिकला. बर्ल उलटा, दुसऱ्याच्या आयटममध्येही घुसणारच, 1956 पर्यंत त्याची लाट ओसरली. सुरुवातीला युनिफॉर्ममधले पेट्रोल पंपवाले गाणं म्हणत येतात, तिथून बघा, आणि पाहुणा काम करत असताना बर्ल कडेला उभा राहून काय चाळे करतो त्याच्यावर नजर ठेवा. आणि पफ येण्याआधी तो मेकअप हा शब्द कुठे म्हणतो ते पकडा, माझं पहिल्यांदा तेच निसटलं होतं.