नव्या कराराबाहेरची शुभवर्तमानं: कुठला संग्रह आधी उघडायचा?

एमएला असताना मला थोमाच्या शुभवर्तमानावर, म्हणजे येशूचा शिष्य थोमा याच्या नावावर असलेल्या येशूच्या ११४ वचनांच्या पुस्तकावर, ट्युटोरियल लिहायचं होतं. नेटवर फुकट मिळतो म्हणून बायबलच्या नव्या करारात नसलेल्या अशा पुस्तकांचा एम. आर. जेम्सचा १९२४ चा इंग्रजी संग्रह डाउनलोड केला आणि त्यात थोमा शोधायला लागले. हाती लागली बाळ येशूची गोष्ट. पाच वर्षांचा येशू शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या कामबंदीच्या, दिवशी ओढ्याकाठी मातीच्या १२ चिमण्या करतो, कोणीतरी जाऊन तक्रार करतं, मग तो टाळ्या वाजवतो आणि चिमण्या उडून जातात. मला इतकी आवडली की तिच्यावरच दोन पानं लिहून टाकली. सरांनी एवढंच विचारलं, "११४ वचनं कुठायत?"

तर पहिली गोष्ट, थोमाच्या नावावर निदान तीन वेगवेगळी पुस्तकं आहेत. वचनांचं शुभवर्तमान वेगळं, बालपणीच्या गोष्टींचं वेगळं, आणि थोमाची कृत्ये वेगळी, ज्यात सुतार थोमा गुलाम म्हणून विकला जाऊन भारतात येतो आणि राजा गुंदफरने महालासाठी दिलेले पैसे गरिबांना वाटून टाकतो.

दुसरं म्हणजे संग्रहाचं साल बघायचंच. वचनांची अख्खी प्रत, कॉप्टिक या जुन्या इजिप्शियन भाषेतली, इजिप्तमधल्या नाग हम्मादीला सापडली १९४५ मधे, मग जेम्सकडे ती असणार कशी! त्याच्याकडे इजिप्तमधल्याच ऑक्सिरिंकसच्या उकिरड्यातून १८९७ पासून निघालेले ग्रीक तुकडे तेवढे आहेत. पण म्हणून तो टाकून देऊ नका, कारण मला खरी मजा तिथेच कळली. ग्रीक तुकड्यात "जो एकटा आहे त्याच्यासोबत मी आहे" याला लागूनच येतं, दगड उचल, तिथे मी सापडेन, लाकूड फोड, मी तिथे आहे. कॉप्टिकमधे त्याच्याशी जुळणारं ३० वं वचन काढलं तर दगड-लाकूड गायब! ते थेट ७७ व्या वचनात, "सगळ्यांवरचा प्रकाश मी आहे" याच्या मागोमाग, आणि तिथे लाकूड आधी, दगड नंतर. जागा बदलली की अर्थच बदलतो ना, एकीकडे एकट्याने राबणाऱ्या माणसाला धीर दिल्यासारखं वाटतं, दुसरीकडे सगळं विश्व व्यापून उरलेला कोणी बोलतोय असं.

म्हणून माझं सांगणं, एकच वचन किंवा एकच गोष्ट धरा आणि ती प्रत्येक संग्रहात उघडून बघा, अनुक्रमणिका शेजारी शेजारी ठेवून काही हाती लागत नाही. सुरुवातीला इलियटचा १९९३ चा घ्या, तो जेम्सच्या जागी म्हणूनच तयार केला आणि त्यात अख्खा थोमा आहे. थोडंफार ग्रीक येत असेल तर एरमन आणि प्लेशे यांचा २०११ चा घ्या, समोरासमोर मूळ आणि भाषांतर. श्नीमेल्खरचे दोन खंड प्रस्तावनांसाठी लायब्ररीत बसून वाचा, जड आहेत पण प्रत कुठली, भाषा कुठली हे तिथे नीट कळतं. नाग हम्मादीला सापडलेलं बाकीचं सगळं हवं असेल तर मायरचा २००७ चा.

वहीत वचनाचा नंबर, मूळ भाषा आणि कुठल्या प्रतीवरून भाषांतर केलंय एवढं लिहून ठेवा. थोमाच्या कृत्यांना हात घालाल तेव्हा तर हे लागेलच, कारण ती सिरियाक आणि ग्रीक अशा दोन्ही भाषांत आहेत आणि दोन्हींत फरक आहेत.