सेकंडहँड लाकडी फर्निचरला रंग द्यायचाय? आधी ते हलवून बघा

जुनी खुर्ची, टेबल किंवा ड्रॉवरचं छोटं कपाट हाताला लागलं की कधी एकदा रंगाचा डबा उघडतो असं होतं. जरा थांबा. माझ्या पहिल्या खुर्चीला मी तेच केलं, वरून मस्त निळा ऑइल पेंट मारला आणि पंधरा दिवसांत जिथे हात टेकतो तिथला रंग नखाने सोलला जायला लागला, कारण खाली वर्षानुवर्षांचा तेलकटपणा आणि जुन्या पॉलिशची चकाकी तशीच होती, आणि खुर्ची डुगडुगत होती ती डुगडुगतच राहिली. रंग हे शेवटचं काम आहे, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात सोपं.

तर आधी वस्तू उलटी करा आणि खालून बघा. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसली तर खाली कागद पसरून काही दिवस ठेवा, त्यावर पिठासारखा नवा भुसा पडला तर आत कीड जिवंत आहे, तिचा बंदोबस्त झाल्याशिवाय पुढे जायचंच नाही. स्क्रू ड्रायव्हरचं टोक पायाच्या बुंध्याशी दाबून बघा, सहज आत गेलं तर लाकूड कुजलंय. आणि भुसा दाबून केलेला बोर्ड पाणी लागून फुगला असेल तर त्याच्या नादी लागू नका, तो परत बसत नाही, तेवढा तुकडा बदलावा लागतो.

आता डुगडुग. बहुतेक वेळा लाकूड चांगलं असतं, सांध्यातला जुना गोंद सुटलेला असतो. लोक काय करतात, बाहेरून दोन खिळे ठोकतात. कृपा करून हे करू नका, खिळ्याने चार दिवस बरं वाटतं आणि मग लाकूड चिरतं. सांधा पूर्ण सोडवा, म्हणजे हाताने हलवत हलवत ओढा, नाहीच निघाला तर फडकं गुंडाळून हातोडीने हलके टोले द्या, आणि कुठला पाय कुठे होता ते आधी पेन्सिलीने लिहून ठेवा. मग खाचेतला आणि कुसवावरचा (म्हणजे खाचेत बसणाऱ्या लाकडी टोकावरचा) जुना गोंद चाकूने खरवडून काढा. हे सगळ्यात कंटाळवाणं काम आहे पण इथेच सगळं ठरतं, कारण फेविकॉल लाकडात मुरून धरतो, वाळलेल्या जुन्या गोंदावर तो धरत नाही. एकदा कोरडंच जोडून बघा, नीट बसतंय ना, मग दोन्ही बाजूंना फेविकॉल लावून घट्ट दाबा. क्लॅम्प नसेल तर चारी पायांभोवती दोरीचे दोन वेढे घ्या, मध्ये एक काठी घाला आणि पीळ देत जा, दोरी तंग होईल तसा सांध्यातून पांढरा गोंद बारीक रेघेसारखा बाहेर येतो, तो आला म्हणजे दाब बरोबर आहे. ओल्या फडक्याने लगेच पुसा. वस्तू सपाट फरशीवर ठेवा, चारही पाय टेकलेत ना बघा, आणि 24 तास अजिबात बसायचं नाही.

बिजागरीचा स्क्रू नुसता फिरतोय, पकडच घेत नाही? आगकाड्यांचे गूल तोडा, काड्या फेविकॉलमध्ये बुडवून भोकात ठासा, वाळलं की बाहेर आलेलं कापा आणि तोच स्क्रू परत बसवा.

खोक पडली असेल तर लाकडाची लांबी, म्हणजे लाकडासाठीची पुट्टी, भरा (भिंतीची पुट्टी नको, ती लाकडाबरोबर हलत नाही आणि तडकते). पण नुसता दबून खड्डा पडला असेल तर लांबीची गरजच नाही. तिथलं पॉलिश घासून काढा, खड्ड्यावर पाण्याचे थेंब टाका, ओलं सुती फडकं ठेवा आणि वरून गरम इस्त्री काही सेकंद टेकवा. वाफ येते, फडकं उचललं की खड्डा उथळ झालेला दिसतो, दोन-तीनदा केलं की बोट फिरवून सुद्धा जागा सापडत नाही. तिथले तंतू तुटलेले नसतात, नुसते दबलेले असतात, वाफेने फुगून वर येतात. मला अजून दर वेळी हे बघताना भारी वाटतं! फक्त वर व्हिनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, चिकटवलेलं असेल तर जपून, उष्णतेने त्याचा गोंद सुटतो.

मग साबणाच्या पाण्याने पुसा, पूर्ण वाळू द्या, आणि 120 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, नंतर 220 ने, नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने. सगळा जुना रंग काढायची गरज नसते, चकाकी गेली आणि सुटणारे पापुद्रे निघाले की पुरे. एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या, फार जुन्या रंगात शिसं असू शकतं, तसा संशय असेल तर कोरडं घासू नका, पाणी लावून घासा, एन-95 मास्क लावा, लहान मुलांना लांब ठेवा आणि तो चिखल लगेच गोळा करून टाका.

प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, टाळू नका. गडद पॉलिशवर फिका रंग देणार असाल तर जुना तपकिरी डाग पांढऱ्यातून पिवळट वर येतो, कितीही कोट मारा येतोच, तिथे लाखेचा म्हणजे शेलॅकचा प्रायमर डाग अडवतो.

रंगाचे दोन-तीन पातळ कोट द्या, एक जाड नाही. मध्ये 320 ने हलकं घासून धूळ पुसा. अर्धवट वाळलेल्या रंगावर ब्रश परत फिरवू नका, ओरखडे उठतात. भर उन्हात रंगवू नका, फोड येतात, आणि पावसाळी दमट दिवशी वाळायला दुप्पट वेळ धरा.

हाताला कोरडा लागला तरी रंग आतून कडक व्हायला दोन-चार आठवडे जातात, तोवर वर जड काही ठेवलं तर त्याचा ठसा उमटतो. ड्रॉवरच्या सरकणाऱ्या कडांना तर रंग लावूच नका, रंगाच्या जाडीनेच ते अडकतात, तिथे मेणबत्ती घासा आणि ड्रॉवर चार-पाच वेळा आत-बाहेर करा.