काळ्या स्क्रीनमागं मशीन चालूच होतं

कोल्हापुरात राजारामपुरीत कॉट बेसिसवर राहायचो तेव्हाची गोष्ट. बीसीएसचं दुसरं वर्ष, लिनक्सचं प्रॅक्टिकल तोंडावर आलेलं. लॅपटॉपचे हप्ते बाबा भरत होते, त्यामुळं त्यातलं विंडोज मोडायची हिंमत नव्हती. मग व्हर्च्युअलबॉक्स टाकलं, म्हणजे विंडोजच्या आतच एका खिडकीत दुसरं आभासी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, आणि त्यात उबंटू 22.04 हा लिनक्सचा प्रकार चढवायला घेतला. दोन दिवसांत चार वेळा इन्स्टॉल केलं. चारही वेळा ते नीट झालं होतं, हे मला पाचव्यांदा कळलं.

आता मी शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात डेस्कटॉप सपोर्टला आहे. ज्युनिअर पोरांचे फोन येतात आणि दहातल्या निम्म्यांची तक्रार तीच असते: "दादा, स्क्रीनच येईना." म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

पहिला अडथळा अगदी साधा. इन्स्टॉलर 800 बाय 600 पिक्सेलच्या छोट्या पडद्यात उघडतो, खिडकीचा खालचा भाग पडद्याबाहेर जातो आणि पुढं जायचं बटणच दिसत नाही. मी टॅब दाबत, अंदाजानं एंटर मारत पुढं गेलो होतो. डिस्क पुसायच्या पानावर असलं धाडस करू नका. आभासी डिस्क आहे म्हणून वाचलो. विंडोज की दाबून धरा आणि माउसनं खिडकी वर ओढा, खालची बटणं दिसतात. काही डेस्कटॉपवर त्यासाठी विंडोज कीच्या जागी ऑल्ट लागते. त्याहून बरा मार्ग म्हणजे आधी 'ट्राय उबंटू' निवडायचं, सेटिंगमधून रिझोल्यूशन 1024 बाय 768 करायचं आणि मग इन्स्टॉलर सुरू करायचा.

दुसरा अडथळा मात्र खरा डोकं खाणारा. इन्स्टॉल संपलं, रीस्टार्ट झालं, लोगो फिरला आणि काळोख. मी मशीन डिलीट करून पुन्हा पहिल्यापासून. असं चार वेळा. रविवारी शेजारच्या कॉटवरचा मित्र मेसला बोलवायला आला. तो एमसीएवाला, आमच्यापेक्षा दोन पावसाळे जास्त पाहिलेला. माझ्या खांद्यावरून बघत म्हणाला, "भावा, खाली उजवीकडं डिस्कचं चिन्ह लुकलुकतंय की. मेलेलं मशीन डिस्क कशाला वाचंल?" मग त्यानं उजवा कंट्रोल धरून एफ2 दाबलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत लॉगिनची ओळ आली, शेजारी कर्सर लुकलुकत होता. नाव आणि पासवर्ड टाकला, आत गेलो. सगळी फाइल सिस्टिम जागेवर. बिघडलं होतं ते फक्त चित्र काढायचं काम.

उजवा कंट्रोल ही व्हर्च्युअलबॉक्सची होस्ट की, म्हणजे खुद्द व्हर्च्युअलबॉक्सला हुकूम द्यायची की. तिच्याबरोबर एफ2 दाबलं की आतल्या लिनक्सला कंट्रोल-ऑल्ट-एफ2 पोचतं आणि तो मजकुराचा पडदा दाखवतो. काही लॅपटॉपवर एफएन कीही सोबत धरावी लागते. उजवा कंट्रोलच नसेल तर प्रेफरन्समधल्या इनपुटमध्ये जाऊन होस्ट की बदलून घ्या. एवढी एक तपासणी केल्याशिवाय कुणीही पुन्हा इन्स्टॉल करायला बसू नये.

माझ्या बाबतीत दोष थ्रीडी अ‍ॅक्सिलरेशनचा होता. चित्र काढायचं काम लॅपटॉपच्या ग्राफिक्स चिपकडं सोपवणारा हा मशीनच्या डिस्प्ले सेटिंगमधला पर्याय; कुठल्यातरी व्हिडिओत बघून मी त्यावर टिक मारली होती, वेग वाढतो म्हणे. मशीन पूर्ण बंद करून टिक काढली, तिथंच ग्राफिक्स कंट्रोलर, म्हणजे आभासी ग्राफिक्स कार्डाचा प्रकार, व्हीएमएसव्हीजीए ठेवला आणि डेस्कटॉप आला. थोडा जड चालला, कारण आता चित्र सीपीयू काढत होता. पण दिसलं तरी! इथं एक गोम आहे. मशीन बंद न करता सेव्ह करून ठेवलं असेल तर हे पर्याय फिके पडतात, बदलता येत नाहीत. आधी पॉवर ऑफ.

व्हिडिओ मेमरीबद्दल पोरांची फार श्रद्धा असते. 16 एमबीची 128 करा, खुशाल करा. पण हिशेब बघा: 1366 गुणिले 768 गुणिले 4 बाइट, म्हणजे एका पडद्याचं चित्र साधारण 4 एमबीत बसतं. स्क्रीन काळी असेल तर निव्वळ मेमरी वाढवून ती उजळेलच असं नाही.

एवढं करूनही काळोख असेल तर नोमोडसेट (nomodeset) हा शब्द कामाला येतो. मशीन सुरू होताना शिफ्ट धरून ग्रबचा, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमचा, मेन्यू आणा, उबंटूच्या ओळीवर ई दाबा, 'लिनक्स' शब्दानं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी हा शब्द लहान अक्षरांत, सलग लिहा आणि एफ10 दाबा. यानं कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ग्राफिक्स ड्रायव्हरच्या नादी न लागता साधं चित्र दाखवतो. हा बदल त्या एका वेळेपुरताच टिकतो, आणि तेच बरं.

कारण मी हुशारी केली. कधीतरी पुन्हा काळोख झाला तर, म्हणून तो शब्द ग्रबच्या फाइलमध्ये कायमचा घातला. पुढं बिल्ड-इसेन्शियल हे प्रोग्रॅम बांधायच्या साधनांचं पॅकेज टाकलं, गेस्ट अ‍ॅडिशन्सची सीडी लावली (आतला पडदा खिडकीच्या मापाचा करायला मदत करणारं व्हर्च्युअलबॉक्सचं सॉफ्टवेअर), इन्स्टॉल बिनचूक झालं, तरी पडदा 800 बाय 600 लाच चिकटलेला. खिडकीबरोबर पडदा आपोआप मोठा करणारं ऑटो-रिसाइझ चालू होतं, तरी खिडकी मोठी केली की भोवती नुसती काळी पट्टी वाढायची. आठवडा गेला. रिझोल्यूशन बदलून देणारा ड्रायव्हर नोमोडसेटमुळं सुरूच होत नव्हता, म्हणजे दार मीच बाहेरून कडी लावून बंद केलेलं. फाइलमधून शब्द काढला, अपडेट-ग्रब चालवलं, रीस्टार्ट केलं आणि पडदा खिडकीभर पसरला.

तेव्हापासून वहीत एका ओळीत एकच बदल लिहितो: काय बदललं, काय दिसलं. आणि काही बदलायच्या आधी स्नॅपशॉट घेतो, म्हणजे बिघडलं तर मशीन त्या क्षणाच्या स्थितीला परत नेता येतं. परवा गारगोटीच्या एका पोरीचा फोन आला, "दादा, स्क्रीन काळी, पुन्हा इन्स्टॉल करू?" मी विचारलं, "खाली डिस्कचं चिन्ह हलतंय का?" जरा वेळ शांतता. मग म्हणाली, "हलतंय की ओ."