बांगड्याचं बिल पंधरा कोटी

पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला घेतली तेव्हा मी गोव्यात डिचोलीला घरीच होते. बी.कॉम. झालं होतं, नोकरीचा पत्ता नव्हता. मामीची म्हापशाला छोटी खानावळ आहे आणि रोजच्या मासळीचा हिशेब ती वहीत लिहायची. म्हटलं, हाच हिशेब प्रोग्राममध्ये घालू. पहिल्याच दिवशी स्क्रीनवर आलं: बांगडा ३ किलो, भाव १५०, एकूण १५०१५०१५०. मामीनं बोट ठेवून आकडे मोजले. "पंधरा कोटी? बाये, एवढ्यात अख्खा बाजार येईल गो!"

झालं असं होतं की इनपुटमधून, म्हणजे आपण टाइप करतो त्यातून, जे येतं ते नेहमी स्ट्रिंग (नुसती अक्षरांची माळ) असतं, आकडा दिसला तरी. किलोला मी इंट (अक्षरांचा आकडा करणारं फंक्शन) लावला होता, भावाला विसरले. आकड्याला तीननं गुणलं की ४५०, अक्षरांना तीननं गुणलं की तीच अक्षरं तीनदा. पायथनच्या लेखी यात चूक काहीच नाही. दोन्ही स्ट्रिंग राहिल्या असत्या तर निदान टाइपएरर (प्रकार जुळत नसल्याची तक्रार) तरी आला असता आणि मी पाच मिनिटांत सुटले असते. नवशिके एररला घाबरतात. मीही घाबरायचे. पण माझे खरे दिवस खाल्ले ते एरर न देणाऱ्या चुकांनी. भाव उतरत्या क्रमानं लावले तेव्हा ९० सगळ्यात वर, मग १२०, आणि १००० तळाला. तेही स्ट्रिंगचंच काम, कारण तिथं तुलना पहिल्या अक्षरापासून होते.

(मराठीत टाइप करणाऱ्यांसाठी एक गंमत. '१५०' हे देवनागरी आकडे अवतरणचिन्हांत असले तर इंट त्यांचा बिनतक्रार १५० करतो. पण तेच आकडे कोडमध्ये उघडे लिहिले तर सिंटॅक्सएरर, म्हणजे लिहिण्याची पद्धतच चुकल्याची तक्रार. व्हेरिएबलचं नाव मात्र 'भाव' असं मराठीत चालतं.)

यानंतर मी लिस्टमध्ये (गोष्टी क्रमानं ठेवलेली यादी) अडकले, आणि बरीच अडकले. भावांची लिस्ट सॉर्ट करायची म्हणून लिहिलं: भाव = भाव.सॉर्ट(). लिस्ट गायब, हातात नन, म्हणजे 'काहीच नाही'. सॉर्ट असेल, अपेंड असेल, ही मंडळी त्याच लिस्टमध्ये फेरफार करतात आणि परत काही देत नाहीत. धडा शिकले आणि लगेच उलट्या बाजूनं आपटले: नावाच्या कडेची रिकामी जागा काढायला नाव.स्ट्रिप() असं नुसतंच लिहून पुढं गेले. स्ट्रिंग बदलताच येत नाही. स्ट्रिप, रिप्लेस वगैरे नवी स्ट्रिंग देतात, ती धरून ठेवली नाही तर गेली. म्हणजे लिस्टला जिथं बरोबरचं चिन्ह नको तिथं मी दिलं आणि स्ट्रिंगला हवं तिथं दिलं नाही. आता सॉर्ट, स्ट्रिपसारखी नवीन मेथड दिसली की मी आधी एकच गोष्ट बघते: ही मूळ वस्तू बदलते की नवी देते?

यातलाच दुसरा घोळ. आजची खरेदी लिहिण्याआधी कालची जपून ठेवावी म्हणून 'कालची = आजची' केलं आणि आजचीत सुंगटं (कोळंबी) घातली. कालचीतही सुंगटं! आमच्याकडं पोराला घरी बाबलो म्हणतात आणि शाळेच्या हजेरीत तोच विठ्ठल असतो. बाबलोला लाडू दिला की विठ्ठलाचं पोट भरतं. बरोबरच्या चिन्हानं दुसरी लिस्ट होत नाही, त्याच लिस्टला दुसरं नाव मिळतं. वेगळी हवी असेल तर कॉपी. लिस्टच्या आत लिस्ट असेल तर साधी कॉपीही पुरत नाही, आतल्या लिस्ट सामाईकच राहतात, तिथं डीपकॉपी लागते.

लूप (लिस्टमधल्या एकेका गोष्टीवर फिरणारं चक्र) चालू असताना त्याच लिस्टमधून संपलेली मासळी काढू नका, एवढं सांगून पुढं जाते. एक काढलं की मागचं पुढं सरकतं आणि लूप त्याला ओलांडून जातो. डिक्शनरी (प्रत्येक नावासमोर, म्हणजे कीसमोर, एक किंमत ठेवणारी रचना) बरी, लूपमध्ये तिची एखादी की काढली तर ती तरी ओरडते.

डिक्शनरीत मी भाव ठेवले होते, की म्हणजे मासळीचं नाव. १ जूनला यांत्रिक बोटींची मासेमारी बंद झाली, बाजारात इसवण (सुरमई) येईना आणि प्रोग्राम रोज कीएरर, म्हणजे 'ही की सापडत नाही', देऊन पडू लागला. कुठंतरी वाचलं की गेट वापरा, नसलेल्या कीसाठी शून्य द्या. वापरलं. एरर गेला, पण बंदीच्या महिन्यात एकदा आणलेली बर्फातली इसवण हिशेबात फुकट पडली, कारण तिचा भाव भरायचा राहिला होता. मोजदादीत न सापडलेल्याला शून्य बरोबर आहे, भावात नाही. भावाला मी आता गेटऐवजी चौकटी कंसच वापरते, ते की नसली की एरर देतात. पडू दे प्रोग्राम.

सगळ्यात चिवट निघाल्या त्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या. महिन्याच्या बेरजेत 'तिसऱ्या' दोनदा, दोन वेगळ्या रकमांसह. एका डिक्शनरीत एकच की दोनदा येऊच शकत नाही, दुसरी पहिलीला पुसते, हे मला तोवर पाठ होतं. स्ट्रिप लावून बघितलं, फरक शून्य. शेवटी दोन्हींची लांबी काढली: एक ७, दुसरी ८. मी लॅपटॉपवर टाइप करत होते, मामेभाऊ मोबाइलवर. एका कीबोर्डनं ऱ, हलन्त, य असं लिहिलं होतं, दुसऱ्यानं साधा र, हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह आणि मग य. डोळ्यांना दोन्ही सारखे, पायथनला दोन वेगळे शब्द. देवनागरीत तसंही लेन (लांबी काढणारं फंक्शन) अक्षरं मोजत नाही, काना, वेलांटी, हलन्त सगळं सुटं मोजतं. 'पणजी'ची लांबी ४ येते ती म्हणूनच.

मी घाईनं ते अदृश्य चिन्ह रिप्लेसनं उडवलं, तर 'तिसर्या' झालं, रफार य वर जाऊन बसला. मग र, हलन्त आणि जोडचिन्ह या तिघांच्या जागी ऱ आणि हलन्त असं बदललं, आणि तेही की डिक्शनरीत जाण्याआधी. दोन्ही रकमा एकत्र आल्यावर मामीनं वही काढून ताडून बघितलं. चाळीस रुपयांचा फरक होता. तो वहीतला निघाला.