‘मास्टर’ म्हणजे मास्तर नव्हेत : ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या कॉलेजप्रमुखांविषयी लिहिताना या चुका टाळा

अमर्त्य सेन १९९८ ते २००४ या काळात केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजचे ‘मास्टर’ होते. त्या काळात एकदा परदेशातून परतताना हीथ्रो विमानतळावरच्या अधिकाऱ्याने त्यांचे भारतीय पारपत्र पाहिले, अर्जावरचा ‘मास्टर्स लॉज, ट्रिनिटी कॉलेज’ हा पत्ता वाचला आणि हे मास्टर तुमचे जवळचे मित्र आहेत का, असे विचारले. माणसाला स्वतःचा मित्र म्हणवून घेता येईल का, या विचारात आपण क्षणभर अडकलो, असे सेन यांनीच पुढे सांगितले आहे. हा किस्सा मराठीत सांगणाऱ्याची अडचण मात्र वेगळीच असते. ‘मास्टर’ म्हटले की आपल्याला शाळेतले मास्तर आठवतात आणि ‘लॉज’ म्हटले की एस.टी. स्थानकासमोरची ‘बोर्डिंग-लॉजिंग’ची पाटी दिसते. प्रत्यक्षात मास्टर हे ट्रिनिटीचे प्रमुख आणि लॉज हे त्यांचे अधिकृत निवासस्थान. केंब्रिजमध्ये अशा निवासाला ‘लॉज’ म्हणतात, ऑक्सफर्डमध्ये बहुधा ‘लॉजिंग्ज’.

चरित्रे, मृत्युलेख, परदेशी शिक्षणाविषयीचे लेख यांचे संपादन करताना अशा चुका वारंवार दिसतात. त्यांच्या मुळाशी जवळजवळ नेहमी एकच गैरसमज असतो, तो म्हणजे पदनाम वेगळे आहे त्या अर्थी पदाचा दर्जाही वेगळा असणार.

पदनामाचे भाषांतर करण्याची घाई

ऑक्सफर्डमध्ये बॅलिओल आणि युनिव्हर्सिटी कॉलेजच्या प्रमुखांना मास्टर म्हणतात, मर्टन, वॉडम आणि ऑल सोल्सच्या प्रमुखांना वॉर्डन, सॉमरव्हिल आणि ब्रेझनोजच्या प्रमुखांना प्रिन्सिपल, ओरिएल आणि वुस्टरच्या प्रमुखांना प्रोव्होस्ट, एक्सेटर आणि लिंकनच्या प्रमुखांना रेक्टर, तर मॉडलिनच्या प्रमुखांना प्रेसिडेंट म्हणतात. हे सगळे एकाच पायरीवर उभे असतात. नावांतला फरक ज्या त्या कॉलेजच्या स्थापनेच्या सनदेतून आणि जुन्या नियमावलीतून आलेला आहे. त्यात वरिष्ठ-कनिष्ठ असे काही नाही. केंब्रिजच्या ३१ कॉलेजांपैकी बहुतेकांना मास्टर आहेत, पण किंग्जला प्रोव्होस्ट, न्यूनमला प्रिन्सिपल, रॉबिन्सनला वॉर्डन आणि गर्टनला ‘मिस्ट्रेस’ आहेत.

आता यांचे भाषांतर करून पाहा. प्रिन्सिपलचे ‘प्राचार्य’ होते आणि ते खपून जाते. प्रेसिडेंटचे ‘अध्यक्ष’ केले की वाचकाला संस्थेच्या कार्यकारिणीचे अध्यक्ष डोळ्यांसमोर येतात. वॉर्डन आणि रेक्टर ही तर आपल्याकडे वसतिगृहाची पदे. रात्री दहानंतर फाटक बंद करणारे रेक्टर महाराष्ट्रातल्या प्रत्येक माजी वसतिगृहवासीयाच्या आठवणीत असतात. तेव्हा ‘ते मर्टनचे वॉर्डन होते’ एवढेच वाक्य लिहिले, तर तेराव्या शतकात स्थापन झालेल्या कॉलेजचा प्रमुख मराठी वाचकाच्या मनात मेसच्या तक्रारी ऐकणारा माणूस होऊन बसतो. शिवाय युरोपातल्या अनेक देशांत रेक्टर म्हणजे सबंध विद्यापीठाचा प्रमुख, आणि स्कॉटलंडच्या जुन्या विद्यापीठांत विद्यार्थ्यांच्या मतांवर निवडून येणारा प्रतिनिधी.

यावर उपाय साधा आहे. मूळ पदनाम देवनागरीत तसेच ठेवावे आणि पहिल्या उल्लेखाच्या वेळी ‘म्हणजे कॉलेजप्रमुख’ एवढे जोडावे. जयंत नारळीकर केंब्रिजमध्ये शिकले ते फिट्झविल्यम हाउसमध्ये, आणि त्या संस्थेच्या प्रमुखाचे पदनाम होते ‘सेन्सॉर’. १९६६ मध्ये तिला कॉलेजचा दर्जा मिळाला, तेव्हा सेन्सॉरचे मास्टर झाले. तो एक खुलासा राहून गेला, तर नारळीकरांच्या विद्यार्थिदशेवर चित्रपट परिनिरीक्षण मंडळाची सावली पडेल.

एकच नाव, दोन शहरे

ही चूक देवनागरीत अधिक सहज होते, कारण रोमन लिपीत जो फरक डोळ्याला दिसतो तो आपल्याकडे पुसला जातो. ऑक्सफर्डचे मॉडलिन आणि केंब्रिजचे मॉडलिन यांच्या स्पेलिंगमध्ये शेवटच्या एका अक्षराचा फरक आहे. उच्चार मात्र एकच. दोन्हीकडच्या क्वीन्समध्ये फरक आहे तो स्वल्पविरामासारख्या एका चिन्हाच्या जागेचा, कारण ऑक्सफर्डचे क्वीन्स एका राणीचे आणि केंब्रिजचे एकाहून अधिक राण्यांचे. ट्रिनिटी, सेंट जॉन्स, जीझस आणि कॉर्पस क्रिस्टी ही नावेही दोन्हीकडे आहेत. त्यामुळे शहराचे नाव प्रत्येक वेळी लिहावे. लेखकाने ते लिहिले नसेल, तर पुष्कळदा पदनामच शहर सांगते. ट्रिनिटीचे प्रेसिडेंट म्हणजे ऑक्सफर्ड, ट्रिनिटीचे मास्टर म्हणजे केंब्रिज. जीझसचे प्रिन्सिपल ऑक्सफर्डचे, मास्टर केंब्रिजचे. क्वीन्सचे प्रोव्होस्ट ऑक्सफर्डचे, प्रेसिडेंट केंब्रिजचे. पेम्ब्रोकच्या बाबतीत ही युक्ती चालत नाही, कारण तिथे दोन्हीकडे मास्टरच आहेत.

प्रत्येक प्रेसिडेंट प्रमुख नसतो, आणि एक डीन मात्र असतो

रँग्लर परांजपे केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजचे. या कॉलेजात मास्टर हे प्रमुख आणि ‘प्रेसिडेंट’ हे त्यांच्या खालचे पद आहे. कीज कॉलेजातही तसेच. तेव्हा त्या काळच्या एखाद्या पत्रात सेंट जॉन्सच्या प्रेसिडेंटचा उल्लेख आला, तर त्यांना कॉलेजप्रमुख ठरवू नये.

डीनची गोष्ट उलटी आहे. बहुतेक कॉलेजांत डीन हा विद्यार्थ्यांच्या शिस्तीचे किंवा प्रार्थनामंदिराचे काम पाहणारा एक पदाधिकारी असतो, पण ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्चमध्ये डीन हेच प्रमुख, कारण त्या संस्थेचे प्रार्थनामंदिर हेच शहराचे कॅथीड्रल आहे आणि डीन दोन्हींचे प्रमुख असतात. २०२३ मध्ये सेरा फूट या त्या पदावर आलेल्या पहिल्या स्त्री ठरल्या. मराठी वाचकाला हे पटवणे तसे अवघड नाही. मुंबईच्या केईएम किंवा जे.जे. रुग्णालयाच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे प्रमुख अधिष्ठाता म्हणजे डीनच असतात आणि विद्यापीठातल्या विद्याशाखेच्या अधिष्ठात्याशी त्यांची गल्लत आपण करत नाही. जाता जाता, ‘क्राइस्ट चर्च कॉलेज’ असे लिहू नये. त्या नावात कॉलेज हा शब्द नाही.

आपल्या प्राचार्यांशी तुलना करताना

आपल्याकडे महाविद्यालय विद्यापीठाशी संलग्न असते, प्राचार्यांची नेमणूक शिक्षणसंस्था विद्यापीठाच्या आणि शासनाच्या नियमांनुसार करते, आणि प्राचार्यांच्या वर संस्थाचालक असतात. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या बहुतेक कॉलेजांत मात्र असे वेगळे संस्थाचालक नसतातच. फेलो म्हणजे कॉलेजचे सभासद असलेले प्राध्यापक-संशोधक हेच संस्था असतात, तेच आपला प्रमुख निवडतात, आणि निवडून आलेला प्रमुख त्यांच्या सभेचे अध्यक्षपद भूषवतो. परीक्षा आणि पदव्या विद्यापीठाच्या हाती असतात. पदवीपूर्व विद्यार्थ्यांची निवड, त्यांचे राहणे-जेवणे आणि लहान गटांतले शिकवणे कॉलेज पाहते. म्हणून ‘मास्टरांनी निर्णय घेतला’ असे लिहिण्याआधी थांबावे. बहुतेक निर्णय सभेचे असतात आणि मास्टरांची ताकद मन वळवण्यात असते. महाराष्ट्रात याच्या सर्वांत जवळ जाणारी व्यवस्था शोधायची, तर डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांकडे, म्हणजे शिकवता शिकवता संस्थाही चालवणाऱ्या प्राध्यापकांकडे पाहावे. फर्ग्युसनचे प्राचार्य झालेले वामन शिवराम आपटे, आगरकर आणि परांजपे हे तिघेही संस्थेचे आजीव सदस्यच होते.

याला अपवादही आहेत. केंब्रिजच्या ट्रिनिटी आणि चर्चिल या कॉलेजांच्या मास्टरांची नेमणूक राजसत्तेच्या नावाने होते. ट्रिनिटीत नव्या मास्टरला पहिल्या दिवशी बंद महाद्वारावर थाप मारावी लागते. मुख्य द्वारपाल राजसत्तेचे नेमणूकपत्र हाती घेतो, ते आत जमलेल्या फेलोंकडे जाते, त्यांची खात्री पटते आणि मगच दार उघडते. कागदोपत्री नेमणूक राजाची असली, तरी दार उघडणारे फेलोच असतात. डरहॅम विद्यापीठात मात्र सेंट जॉन्स आणि सेंट चॅड्स ही दोन सोडली, तर कॉलेजे विद्यापीठाच्याच मालकीची आहेत आणि त्यांचे प्रमुख विद्यापीठ नेमते. तिथे ऑक्सफर्डचे वर्णन तसेच्या तसे चिकटवू नये.

कुलपती, कुलगुरू आणि हिंदीतून आलेली गडबड

कॉलेजप्रमुखांच्या वर विद्यापीठाचे चान्सलर आणि व्हाइस-चान्सलर असतात. मराठीत चान्सलर म्हणजे कुलपती आणि व्हाइस-चान्सलर म्हणजे कुलगुरू, तर हिंदीत व्हाइस-चान्सलरलाच कुलपति म्हणण्याची रूढी आहे. हिंदी मजकुरावरून लिहिणारा माणूस त्यामुळे कुलगुरूंना परस्पर बढती देऊन मोकळा होतो. दोन पदे एकाच व्यक्तीकडे असू शकतात, हेही लक्षात ठेवावे. केंब्रिजमध्ये १९९०च्या दशकाच्या आरंभापर्यंत कॉलेजप्रमुखांपैकीच एक जण दोनेक वर्षांसाठी कुलगुरू होत असे. ऑक्सफर्डमध्ये बॅलिओलचे मास्टर बेंजामिन जॉवेट १८८२ ते १८८६ कुलगुरू होते. नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८८९ मध्ये सॉमरव्हिलमध्ये दाखल झाल्या, तेव्हा जॉवेट यांनी त्यांना मोठे साहाय्य केले. पण त्या वेळी ते कुलगुरू नव्हते, आणि सोराबजींच्या कॉलेजचे प्रमुखही नव्हते. छापायला निघालेल्या एका लेखात ‘सोराबजींचे प्राचार्य जॉवेट’ असे मी वाचले आहे. तीन शब्दांत दोन संस्थांची सरमिसळ झाली होती.

नावाआधीच्या उपाध्या

प्रमुख आहेत म्हणजे प्राध्यापक असणारच, असे समजून ‘प्रा.’ लावू नये. ऑक्सफर्डच्या लेडी मार्गारेट हॉलचे प्रिन्सिपल झालेले ॲलन रसब्रिजर हे ‘द गार्डियन’ या वृत्तपत्राचे माजी संपादक होते, आणि केंब्रिजच्या मॉडलिनचे मास्टर झालेले रोवन विल्यम्स त्याआधी कॅंटरबरीचे आर्चबिशप होते. मास्टर हे पदनाम स्त्रियांनाही तसेच लागते, तेव्हा ‘सॅली डेव्हिस २०१९ मध्ये ट्रिनिटीच्या मास्टर झाल्या’ असे लिहावे. लिंग क्रियापदातून कळते. गर्टनच्या मिस्ट्रेसचे ‘मुख्याध्यापिका’ करू नये.

आणि यांपैकी कोणाला प्रवेशासाठी किंवा जुन्या कागदपत्रांसाठी पत्र लिहायचे असेल, तर कॉलेजच्या स्वतःच्या संकेतस्थळावर पदनाम पाहून घ्यावे आणि मायना त्या पदनामानेच करावा, म्हणजे ‘डिअर मास्टर’, ‘डिअर वॉर्डन’ किंवा ‘डिअर प्रोव्होस्ट’. पुढे आडनाव जोडण्याची तिथे रीत नाही.