जवळजवळ झालंय

पहिली नोकरी लागून जेमतेम तीन आठवडे झाले होते. घरूनच एका कॉलवर होते. कॉल संपल्यावर बहीण म्हणाली, "तू अशी का बोलत होतीस? दुसरंच कुणीतरी बोलतंय असं वाटलं." मला ते चांगलंच लागलं. कॉलेजात असताना मी छातीठोकपणे सांगायचे, नोकरी करीन पण 'तसली' होणार नाही. तसली म्हणजे नेमकी कसली, हे मात्र कधी नीट ठरवलं नव्हतं.

त्यामुळे सुरुवातीचे काही महिने मी भलत्याच गोष्टी जपत बसले. मेलच्या शेवटी सगळे लिहितात ती ठरावीक ओळ लिहायची नाही. टीमच्या खेळांना जायचं नाही. नोट्स लॅपटॉपवर नाही, वहीतच काढायच्या. आणि इकडे रोज सकाळी बिनदिक्कत खोटं बोलत होते.

म्हणजे असं: सकाळी 15 मिनिटांची मीटिंग असायची. काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय, एवढंच सांगायचं. माझ्याकडे दोन सिस्टिममधल्या ग्राहकांच्या नोंदी जुळवून रिपोर्ट करायचं काम होतं. चौथ्या दिवशी मी म्हणाले, "80 टक्के झालंय." पाचव्या दिवशीही 80. मग आकडा सांगायची लाज वाटायला लागली आणि मी "जवळजवळ झालंय"वर आले. नवव्या दिवशी शेजारच्या सीनियरने मीटिंगनंतर सहज विचारलं, "उरलेल्यात काय काय आहे?" मला सांगताच येईना. एकाच माणसाचं नाव दोन ठिकाणी वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेलं असेल तर कुठली नोंद खरी धरायची, हेच मला कळलं नव्हतं. ते विचारायला लागू नये म्हणून मी पाच दिवस इकडचं तिकडे करत होते. त्याने दोन मिनिटांत सांगितलं: नावावर जाऊ नकोस, ग्राहक क्रमांक जुळव आणि जे जुळणार नाहीत ते वेगळे काढून दे.

बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधन संस्थेतल्या टॉम कारगिल यांच्या नावावर एक जुना विनोद आहे, 1985 साली छापून आलेला. कामाच्या पहिल्या 90 टक्क्यांना 90 टक्के वेळ लागतो, आणि उरलेल्या 10 टक्क्यांना आणखी 90 टक्के. तो मी आधी ऐकला होता, हसलेही होते. आपल्यावर आहे हे तेव्हा कुठे कळतं!

तेव्हापासून मी टक्के सांगणं बंद केलं. काय हातावेगळं झालं, काय अडलंय आणि कुणाकडून काय हवंय, एवढंच सांगते. अडल्यावर अर्धा तास स्वतः झटायचं, मग विचारायचं; विचारताना आधी काय काय करून पाहिलं तेही सांगायचं. हे दुसरं जास्त महत्त्वाचं. नुसतं "चालत नाहीये" म्हणणाऱ्याचा लोकांना कंटाळा येतो. आणि नवीन असताना प्रश्न खपून जातात. 'हा शॉर्टफॉर्म म्हणजे काय' हे दुसऱ्या आठवड्यात विचारायला काहीच वाटत नाही, आठव्या महिन्यात धीर होत नाही. माझ्या वहीची मागची दहा पानं नुसत्या शॉर्टफॉर्मनी भरली आहेत. (वही अशी शेवटी कामाला आली.)

दुसरा प्रसंग मला अजून टोचतो. एका मीटिंगमध्ये काम पूर्ण करायची तारीख ठरत होती. ज्या टीमकडून डेटा यायचा होता, तिचा डेटा त्या तारखेच्या आत येणार नाही, हे मला माहीत होतं. आदल्याच दिवशी माझं त्यांच्याशी बोलणं झालं होतं. एकेक जण "चालेल" म्हणत गेला. माझी पाळी आली. मी म्हणाले, "चालेल." तारीख हुकलीच. नंतर बोलता बोलता कळलं, आणखी दोघांना तीच शंका होती.

सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने 1951 साली यावर एक प्रयोग मांडला होता. कार्डावरच्या रेघांपैकी कुठली दिलेल्या रेघेएवढी आहे, एवढंच ओळखायचं. खोलीत एक जण सोडून बाकी सगळे आधीच सामील. ते मुद्दाम एकसारखं चुकीचं उत्तर देत. समोर रेघ ढळढळीत दिसत असूनही त्या एकट्याची साधारण एक तृतीयांश उत्तरं बाकीच्यांमागे गेली. मला त्यातला पुढचा भाग उपयोगी वाटतो. गटातला फक्त एक जण बरोबर उत्तर देऊ लागला, की हे वाहवत जाणं आधीच्या जवळपास चौथ्या हिश्शावर यायचं.

म्हणून मी मीटिंगमध्ये एकदम शौर्य दाखवायच्या भानगडीत पडत नाही. आधी एकाला गाठून विचारते, "मला हे असं दिसतंय, तुला?" बहुतेक वेळा त्यालाही तेच दिसत असतं. नसेल, तर माझी चूक चारचौघांत न होता तिथेच कळते. मॅनेजरला 'नाही' म्हणायचं झालं तरी असंच. थेट नकार मला अजूनही जमत नाही. "हे घेते, पण मग हातातल्या दोनपैकी कुठलं मागे ठेवू?" असं विचारते. निर्णय त्यांचाच राहतो, आणि रात्री बारापर्यंत बसून दोन्ही अर्धवट करायची वेळ येत नाही.

खेळांना मी नंतर जायला लागले. त्यात काही नव्हतं. गैरहजर माणसावरचे विनोद चालू झाले की मात्र उठते, न बोलता. मेलमध्ये कुणाची चूक दाखवायची असेल तर आधी त्यालाच सांगते. साहेबांना सीसीत टाकून नाही. हे मात्र मी भांडून जपते.

प्रोबेशन संपताना सेल्फ-रिव्ह्यूचा फॉर्म येतो. तेव्हा सहा महिन्यांत काय केलं ते आठवत नाही, हे आधीच सांगून ठेवते. दर शुक्रवारी दोन ओळी लिहा. मी त्यात अडलेलंही लिहिलं होतं: ते पाच वाया गेलेले दिवस, ती हुकलेली तारीख. फॉर्ममध्ये हे टाकावं का, यावर दोन दिवस घोळ घातला. शेवटी तारखेचं लिहिलं, दिवसांचं नाही. मॅनेजरने वाचलं आणि म्हणाला, "मलाही माहीत होतं, डेटा येणार नाही ते."

फोनवरचा तो आवाज अजून तसाच आहे. बहीण हल्ली त्याची नक्कल करते, आणि हुबेहूब करते.